चित्रातला गवा, उसातला गवा

गेल्या फेब्रुवारीत शाळेची तीस-बत्तीस मुले घेऊन मी सहलीसाठी कोल्हापूरला गेलो होतो. ठरलेले सारे पाहून झाले. अंबाबाईचे दर्शन झाले, नवा राजवाडा झाला, रंकाळ्यावर भेळ झाली. एस. टी. सुटायला दोन तास अवकाश होता आणि ऊन मी म्हणत होते. मुलांना कुठेतरी सावलीत बसवावे, एवढ्याच हेतूने मी त्यांना दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात नेले. तिथल्या कलादालनात बहुधा कुणाचे ना कुणाचे प्रदर्शन लागलेले असते. त्या दिवशीही होते. आमच्याच भागातल्या सहा-सात चित्रकारांनी आणि दोघा मूर्तिकारांनी मिळून ते भरविले होते. विषयही आमच्याच भागातला होता: इथली राने, इथले पाणी, इथली जनावरे.

मुले आत शिरली आणि एकदम गप्प झाली. गुळगुळीत फरशी, पांढऱ्या भिंती आणि भिंतीवर आपली नेहमीची ओळखीची माणसे अचानक नवे कपडे घालून उभी राहावीत तशी उभी असलेली ओळखीची ठिकाणे. पंचगंगेचा घाट होता. पावसातला पन्हाळा होता. दाजीपूरचे धुके होते. एका टेबलावर भाजलेल्या मातीची एक बसलेली म्हैस होती. तिच्या गळ्यावर दाव्याचा वळ मूर्तिकाराने अगदी नेमका दाखविला होता. दोन मुलांनी मागेपुढे पाहून तिच्या पाठीवरून हात फिरविला. मी पाहिले, पण रागावलो नाही.

समोरच्या भिंतीवर मध्यभागी गवा होता. चांगले चार फुटी तैलचित्र. सकाळचे ऊन झाडांतून तिरपे येत आहे, त्यात तो पूर्ण वाढलेला नर मान वळवून आपल्याकडे पाहत उभा आहे. काळाभोर, तुकतुकीत, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे, खांद्यापासून पाठीवर चढत गेलेला तो उंच कणा, शिंगांच्या मधला राखी उंचवटा. एक टनाच्या घरात वजन असणारे ते जनावर चित्रकाराने असे काही रंगविले होते, की त्याच्या नाकपुड्यांतली वाफ आपल्याला लागावी. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. माझ्या शेजारी नववीतला एक मुलगा उभा होता. अभयारण्याच्या कडेच्या एका वाडीवरून तो रोज चालत शाळेत येतो. तो म्हणाला,

“सर, ह्यो लई शाना गवा दिसतोय. आमच्यात येतोय त्यो असा नसतोय.”

“मग कसा असतो?” मी विचारले.

“रातचा असतोय. दिसत न्हाई. सकाळी नुसता आडवा पडलेला ऊस दिसतोय.”

मुले हसली. मीही हसलो. पण परतीच्या प्रवासात गाडीच्या खिडकीबाहेर उसाचे फड मागे पडत होते, तेव्हा ते वाक्य माझ्या मनात पुन्हा पुन्हा येऊ लागले. त्या मुलाने चित्राला नाव ठेवले नव्हते. त्याने एक साधी गोष्ट सांगितली होती. पण तिच्यात एक प्रश्न दडलेला होता आणि तो चित्रकारापुरता नव्हता. जे आपले नाही, त्याचे चित्र काढण्याचा अधिकार आपल्याला कशाने मिळतो? आणि ते चित्र सुंदर झाले, म्हणजे आपले देणे फिटते काय?

कोल्हापूरकराला हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण चित्र ही इथे नवलाची गोष्ट नाही. रंकाळा पाहायचा तो आबालाल रहिमान यांच्या डोळ्यांनी, असे इथली जुनी माणसे सांगत. शाहू महाराजांच्या दरबाराचा आश्रय असलेला हा चित्रकार १९३१ साली वारला. मुंबईच्या नामांकित कलाशाळेत शिकून तो परत आला आणि आयुष्यभर कोटितीर्थ, पंचगंगा, रंकाळा हेच रंगवीत राहिला. त्याच्या चित्रांपैकी थोडीच आज पाहायला मिळतात. पण ती पाहिल्यावर पाण्यावरचा संध्याकाळचा उजेड आपल्याला पूर्वीसारखा दिसत नाही. पुढे बाबूराव पेंटर झाले. त्यांनी कुंचला, छिन्नी आणि सिनेमाचा कॅमेरा सारख्याच हुकमतीने चालविला. चंद्रकांत मांढरे पडद्यावरचे नट म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहेत. परंतु त्यांचा जीव रमला तो निसर्गचित्रांत. राजारामपुरीतले आपले घर आणि शेकडो चित्रे त्यांनी शासनाला देऊन टाकली. तिथे आज त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. अशा गावात चित्रकाराला आपल्या मुलखाचे चित्र काढण्याचा अधिकार कुठून आला, असे विचारणे म्हणजे मुलाला आईच्या कुशीत शिरण्याची परवानगी कुणी दिली असे विचारण्यासारखेच वाटेल.

तरीही मी विचारतो आहे. त्याचे कारण असे, की त्याच दिवशी सकाळी आम्ही नवा राजवाडा पाहिला होता.

नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे आहेत. वाघ आहेत, अस्वले आहेत, गवेही आहेत. मुलांना सगळ्या राजवाड्यात तेच अधिक आवडले. काचेचे डोळे लावलेली ती जनावरेही आपल्याकडेच मान वळवून पाहत असतात. सकाळी पाहिलेला तो गवा आणि दुपारी पाहिलेला हा गवा माझ्या डोळ्यांपुढे शेजारी शेजारी उभे राहिले आणि मी थोडा चपापलो. दोघांचा पवित्रा एकच होता. दोघेही आपल्यासाठी थांबलेले होते. एकाला गोळीने थांबविले होते, दुसऱ्याला रंगाने.

शिकाऱ्यावर दात खावेत असा माझा हेतू नाही. दाजीपूरचे रान आज उभे आहे, त्याचे एक कारण ते संस्थानिकांच्या शिकारीसाठी राखलेले होते हे आहे. जे राजाने स्वतःच्या हौसेसाठी राखले, ते १९५८ साली गव्यांसाठी राखले गेले. महाराष्ट्रातले हे पहिले अभयारण्य. आरंभी त्याच्या नावात ‘बायसन’ हा शब्द होता, आणि आपल्याकडचा गवा आणि बायसन ही जनावरे वेगळी असली तरी लोकांच्या तोंडी तो अजून आहे. १९८५ साली त्याची हद्द वाढली आणि आज ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटरांचे राधानगरी अभयारण्य आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ठिकाणे जागतिक वारशात गेली, त्यांत तेही आहे. माणसाच्या वाईट हौशीतून कधीकधी चांगले निपजते, हे मान्य केले पाहिजे.

पण उलटेही घडते. चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविण्यात कोल्हापूर संस्थानाचे नाव मोठे होते. चित्ते सांभाळणारे चित्तेवान इथे होते. चित्ता डोळ्यांवर टोपी घालून गाडीवरून माळावर न्यायचा आणि कळप दिसला की टोपी काढायची. या देशातले चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा ते आफ्रिकेतून आणविण्यात आले. चित्त्याचे कौतुक नव्हते असे कोण म्हणेल? त्याच्या वेगाचे, त्याच्या कमरेच्या बाकाचे, डोळ्यांखालच्या काळ्या रेघेचे कौतुक अपार होते. त्या कौतुकापायीच त्याला रानातून धरून आणीत आणि माणसाच्या घरात तो सहसा पिले देत नाही. १९४७ साली आताच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते एका रात्रीत मारले गेले, ते या देशातले शेवटचे म्हणून नोंदले गेले. १९५२ साली चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ चित्ते कुनोच्या रानात आणून सोडले, तेव्हा सत्तर वर्षे लोटली होती. तात्पर्य एवढेच, की एखाद्या गोष्टीचे कौतुक असणे आणि तिचे भले चिंतणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

आता कुणी म्हणेल, की चित्रकाराला या पंगतीला कशाला बसविता? गव्याचे चित्र काढल्याने गव्याच्या अंगावरचा केसदेखील वाकडा होत नाही. मलाही असेच वाटत होते. पण त्या दिवशी गव्याचे चित्र काढणारे गृहस्थ तिथेच होते, आणि मुलांनी त्यांना गराडा घातला होता. पन्नाशीचे, अबोल, बोटांना रंग लागलेला. मुलांनी विचारले म्हणून त्यांनी पिशवीतून ब्रश काढून दाखविले. एक जुना ब्रश त्यांनी जरा वेगळ्या मायेने हातात धरला आणि म्हणाले, “हा मुंगसाच्या केसांचा. आमच्या गुरुजींनी दिलेला. आता मिळत नाहीत, मिळूही नयेत. पण असा ब्रश नाही. ताठ असतो, तरी लवतो. टोक सोडत नाही.”

मुंगूस आडवे गेले तर आमच्याकडे शुभशकुन मानतात. पोरे त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगतात. त्या मुंगसाच्या केसांचे ब्रश या देशात वर्षानुवर्षे बनत आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, तरी हा धंदा चोरून चालूच राहिला. २०१९ साली उत्तर प्रदेशातल्या शेरकोटपासून मुंबई-पुण्यापर्यंत छापे घालावे लागले. एका मुंगसापासून कामाचे केस निघतात ते काही ग्रॅम. म्हणजे किलोभर केसांमागे किती मुंगसे गेली असतील, याचा हिशेब गणिताच्या तासाला मुलांना घालता येईल; मी मात्र तो अजून घातलेला नाही.

त्या गृहस्थांना दोष द्यावा असे मला वाटले नाही. त्यांनी मुंगूस मारले नव्हते. आपल्या गुरूची आठवण जपली होती. तो ब्रश आज फेकून दिला म्हणून काही एखादे मुंगूस बिळातून बाहेर येणार नाही. पण रानातल्या एका जनावरावरच्या प्रेमाचे चित्र रानातल्याच दुसऱ्या जनावराच्या केसांनी रंगविले गेलेले असू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. कलेसाठी काहीतरी घ्यावे लागतेच. कुणाकडून तरी ते घेतलेले असते. आपण सौंदर्य पाहतो, तेव्हा पावती पाहत नाही.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्याच्या ब्रशाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही.

मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या पहिल्या कादंबरीत एक म्हातारा आहे. बायको मेलेली, मुलगा मुंबईला. घरात तो आणि एक बैल. तो बैलाशी बोलतो. पुढे दुष्काळात त्याला बैल विकावा लागतो आणि बाजारातून परत येताना तो रिकाम्या कासऱ्याशी बोलत येतो. हे प्रकरण वाचून पुष्कळांच्या डोळ्यांना पाणी आले. मला पत्रे आली. एक लहानसे पारितोषिकही मिळाले. परंतु तो म्हातारा मी कल्पनेने निर्माण केलेला नव्हता. आमच्या गल्लीच्या टोकाला तो राहत असे आणि बाजारातून परत येताना मी त्याला पाहिले होते. मी तेव्हा त्याच्या मागून चालत होतो. पुढे होऊन त्याच्याशी दोन शब्द बोलावेत असे माझ्या मनात आले नाही असे नाही; पण बोललो असतो तर तो कासऱ्याशी बोलायचा थांबला असता. मी मागेच राहिलो. त्याचे बोलणे ऐकत राहिलो. घरी येऊन ते वहीत उतरवून ठेवले.

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हते. दोन वर्षांनी त्याच्या नातवाने त्याला ते वाचून दाखविले. मी भेटायला गेलो तेव्हा तो कट्ट्यावर तंबाखू मळत बसला होता. त्याने मला बसायला घोंगडे दिले, चहा करवला. मग म्हणाला, “समदं बराबर लिवलंय. कुटं खोट न्हाई.” मला बरे वाटले. थोडा वेळ गेल्यावर तो म्हणाला, “बैल म्या इकला, मास्तर. रडनं तुमी इकलंसा.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. बाजारभाव सांगावा तसे त्याने ते सांगितले. याला आज बारा वर्षे झाली. म्हातारा आता नाही. मी त्यानंतर आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या, पण कुणाच्या मागून चालताना ते वाक्य मला ऐकू येते.

तेव्हा चित्र काढल्याने केस वाकडा होत नाही, हे खरे नव्हे. काहीतरी घेतले जाते. पाहण्यातच घेणे आहे. आणि पाहण्याची हाव कुठवर जाऊ शकते, हे महाराष्ट्राने २०२० च्या डिसेंबरात पाहिले आहे. पुण्याच्या कोथरूड भागात सकाळी एक गवा चुकून वस्तीत शिरला. त्याने कुणाला मारले नव्हते. पण गव्याला पाहायला गर्दी लोटली. लोक त्याच्या मागे धावले. जो तो त्याचे चित्र आपल्या फोनमध्ये घेऊ पाहत होता. काही तास तो त्या गल्ल्यांतून रक्तबंबाळ होऊन पळत राहिला. शेवटी भुलीचे इंजेक्शन देऊन त्याला पकडले, तेव्हा तो मेला. त्या गर्दीत क्रूर माणसे किती असतील? मला वाटते, फारशी नसावीत. पुष्कळांना तो सुंदरच वाटला असेल. त्यांना त्याला फक्त पाहायचे होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या डिसेंबरात, कोल्हापूरजवळ गव्याच्या हल्ल्यात एक तरुण दगावला. आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने गवा हे सकाळच्या उन्हात उभे असलेले चित्र नाही. तो रात्रीचा येतो, कुंपण मोडतो, भात तुडवतो, ऊस लोळवतो. शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या भोगावतीच्या धरणाने या खोऱ्यात पाणी खेळले. पाण्याने ऊस आला. ऊस रानाच्या कडेपर्यंत गेला. आणि रानातला गवा उसात आला. यात कुणाची चूक काढायची? राजाने पाणी दिले हे पुण्यच. शेतकऱ्याने ऊस लावला हा त्याचा संसार. गव्याने हिरवे दिसले ते खाल्ले हा त्याचा धर्म. भांडण खरे आहे, आणि त्यात दुष्ट कुणीच नाही. असे भांडण मिटवणे सर्वांत अवघड असते.

चित्रात मात्र हे भांडण नव्हते. मी ती भिंत आठवू लागलो. पंचगंगेच्या घाटाच्या चित्रात पाणी स्वच्छ होते. पठाराच्या चित्रात रानफुले होती. राधानगरी तालुक्यातल्या पठारांवर बॉक्साइटसाठी खोदलेल्या तांबड्या जखमा नव्हत्या. पन्हाळ्याच्या चित्रात एकही विजेची तार नव्हती. आणि गव्याच्या चित्रात ऊस नव्हता. सगळे गाळलेले होते.

गाळणे हा चित्रकाराचा हक्क आहे, हे मला कळते. सगळेच दाखवायचे तर तो तलाठ्याचा पंचनामा होईल. मीदेखील कादंबरीत गाळतो. त्या म्हाताऱ्याच्या मागून चालणारा एक शाळामास्तर होता, हे मी लिहिले नव्हते. किती सोयीचे गाळणे होते ते! तेव्हा गाळण्यालाही नीती असली पाहिजे. आपण काय गाळतो आणि ते गाळल्याने कुणाची सोय होते, हे विचारले पाहिजे.

मी त्या चित्रकार गृहस्थांना मुलाचे बोलणे सांगितले होते. ते हसले नाहीत. म्हणाले, “खरं आहे त्याचं. पण सर, ऊस काढला की भांडण आलं. आणि भांडण कुणी दिवाणखान्यात लावत नाही.” मग थोडे थांबून म्हणाले, “माझं घर चित्रावर चालतं.” त्यांचा रोख माझ्याकडे होता असे नाही, पण तो मला लागला. विकत घेणारे आम्हीच आहोत. आम्हाला शांत रान हवे असते, कारण आमचे रानाशी काही देणेघेणे उरलेले नाही. चित्रकार जे गाळतो ते पुष्कळदा आमच्या सांगण्यावरून गाळतो.

मग चित्रे काढूच नयेत का? कादंबऱ्या लिहूच नयेत का? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते खोटे होईल. न पाहणारा माणूस पाहणाऱ्यापेक्षा अधिक नीतिमान असतो, असा काही अनुभव नाही. ज्याने कधी गवा पाहिलाच नाही त्याला तो मेल्याचे दुःख कुठून होणार? आबालालांनी रंगविलेला रंकाळा ज्याच्या डोळ्यांत आहे, त्यालाच आजच्या रंकाळ्यावरची घाण बोचते. पाहणे सोडून भागणार नाही. प्रश्न पाहावे कसे एवढाच आहे.

याचे उत्तर मला त्याच उन्हाळ्यात मिळाले. निदान मिळाल्यासारखे वाटले. सुट्टीत मी अजिंठ्याला गेलो होतो. दहाव्या लेण्यातल्या भिंतीवर षड्दंत जातकाची कथा चितारलेली आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते काम. रंग पुसट झाले आहेत, पुष्कळसा भाग गेला आहे. सहा सुळ्यांचा हत्ती म्हणजे पूर्वजन्मीचे बोधिसत्त्व. त्याची एक हत्तीण मत्सराने मरते आणि राणी होऊन जन्माला येते. तो जुना राग मनात धरून ती शिकाऱ्याला त्याचे सुळे आणायला पाठविते. शिकाऱ्याला ते कापता येत नाहीत, तेव्हा हत्ती स्वतःच ते कापून देतो. आणि सुळे समोर आल्यावर ते पाहून राणी कोसळते.

त्या चितारीने काय काय काढले आहे ते पाहा. हत्तींचा कळप आहे, झाडे आहेत. ते कौतुकाने काढले आहे, इतके की हत्तीचे अंग त्याने कितीदा निरखले असेल असे वाटते. पण शिकारीही तिथेच आहे. सुळे आहेत. राणी आहे, तिचे कोसळणे आहे. हत्तीचे सौंदर्य आणि त्या सौंदर्यावर टपलेला हात, दोन्ही एकाच भिंतीवर आहेत. त्याने आपल्यासाठी काही गाळले नाही. म्हणून ते चित्र पाहून आपण नुसते सुखावत नाही. आपल्याला आपले हात आठवतात.

आणि त्याच लेण्यात दुसरीही एक खूण आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला या दरीत आला होता. झाडीत झाकलेली लेणी त्याला दिसली. तो दहाव्या लेण्यात शिरला आणि एका चितारलेल्या आकृतीवर त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. जगाला अजिंठा पुन्हा कळला तो त्याच्यामुळे, हे उपकार आहेतच. तरी एकाच लेण्यातली ती दोन माणसे पाहून माझे मन थबकले. ज्याने हत्ती काढला त्याचे नाव कुणालाही ठाऊक नाही. ज्याने हत्ती पाहिला त्याचे नाव भिंतीवर आहे. पाहिल्याबरोबर ते आपले करावे, आपली खूण उठवावी, ही शिकाऱ्याची नजर. पाहावे, जीव ओतून काढावे आणि ज्याचे होते त्याला सोडून द्यावे, ही त्या चितारीची.

गाळणे आणि सोडणे हे दोन शब्द आपण सारखेच समजतो, पण त्यांत मोठे अंतर आहे. गाळणारा अडचणीचे ते चित्राबाहेर ठेवतो, म्हणजे सुंदर ते आपल्याला निर्वेध घेता यावे. सोडणारा अडचणीचे ते चित्रात येऊ देतो आणि सुंदर ते घेऊन जात नाही. गळ्यावरचा दाव्याचा वळ ठेवणाऱ्या त्या मूर्तिकाराला हे कुणी शिकविले नसेल. अलिबागजवळच्या सासवण्याला नानासाहेब करमरकर यांचे संग्रहालय आहे. ज्या हातांनी १९२८ साली पुण्याचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा घडविला, त्याच हातांनी तिथे सिमेंटची म्हैस केली आहे. ती कुणाचीही मिरवणूक काढत नाही. ती म्हैस आहे, एवढेच तिच्याकडे पाहून कळते. मातीची ती म्हैस पाहताना मला तिची आठवण झाली होती.

मी जर त्या दिवशी दोन पावले पुढे होऊन म्हाताऱ्याच्या बरोबरीने चाललो असतो, तर माझी कादंबरी कदाचित झाली नसती. किंवा दुसरी झाली असती, जिच्यात एक रिकामा कासरा आणि दोन माणसे असती. ती चांगली झाली असती की वाईट, मला सांगता येत नाही. पण तिच्यातले रडणे विकलेले नसते.

सहलीच्या दिवशी निघताना कलादालनाच्या दाराशी अभिप्रायाची वही ठेवलेली होती. मुलांनी आपापली नावे लिहिली. कुणी ‘छान’ लिहिले, कुणी ‘अतिसुंदर’. नववीतला तो मुलगा सगळ्यांच्या शेवटी वहीपाशी गेला. बराच वेळ पेन हातात धरून उभा होता. एस. टी.ची वेळ झाली म्हणून मी त्याला हाक मारली आणि जाता जाता वहीत डोकावलो. त्याने लिहिले होते, “गवा चांगला काढलाय. शेजारी ऊस पण काढायला पाहिजे होता.” खाली नाव नव्हते.